हललेल्या गावाचा नकाशा

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये शरयू मोहितेचं घर शोधायला कुणाला अडचण यायची नाही, कारण आमंत्रणासोबत ती स्वतः काढलेला नकाशा पाठवायची. फोनमधली बाई रस्ता सांगते, हे तिला मान्यच नव्हतं. कुठल्या वळणावर मॅग्नोलियाचं झाड आहे, कुणाच्या दारातल्या पत्रपेटीचा खांब वाकलाय, सगळं त्यात असायचं. नवी मुलंमुली हसायची. शरयू म्हणायची, हसा खुशाल, पण चुकलात तर माझ्या नावाने ओरडू नका.

ती स्वतः चुकत नसे, आणि आपण चुकत नाही हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. तीस वर्षं तिने राज्याच्या रस्ते खात्यात नकाशे केले. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका योगा, बागकाम आणि नातवंडं यांत गुंतल्या. शरयूने एक प्रांत दत्तक घेतला. तोही कुठला, तर लाओसमधला शियांगख्वांग, जिथे तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि गुडघ्यांची एकूण परिस्थिती पाहता ठेवण्याची शक्यताही नव्हती.

उंच पठारावरचा प्रांत. गवताच्या बोडक्या टेकड्या, माथ्यावर पाइनची झाडं, सखल भागात भाताची खाचरं आणि त्यांच्यामधून जाणारा एकच मोठा रस्ता. माळावर माणूसभर उंचीचे दगडी रांजण आडवेतिडवे पडलेले. ते कुणी घडवले आणि कशासाठी, हे छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलं नाही. आणि या सगळ्याच्या खाली, वीतभर मातीत, पन्नाससाठ वर्षांपूर्वी अमेरिकन विमानांनी टाकलेले आणि न फुटलेले बाँब. संत्र्याएवढे, गोल. तिथली माणसं त्यांना बॉम्बी म्हणतात, घरातल्या धाकट्या मुलीला हाक मारावी तसं. कुदळ लागली, नांगराचा फाळ लागला, किंवा वर चूल पेटली आणि माती तापली, की इतकी वर्षं झोपलेली ती वस्तू जागी होते.

शरयूने हे सगळं वरून पाहिलं होतं, उपग्रहाच्या डोळ्याने. मोठ्या बाँबच्या खड्ड्यांची आता तळी झालेली तिला दिसायची, त्यांत बदकांचे पांढरे ठिपके. पहिल्यांदा तो ठिपका बदक आहे हे कळलं तेव्हा ती जेवायला उठली नव्हती. ज्या देशाचं पेन्शन खाते, त्या देशाने हे करून ठेवलंय, एवढंच ती नवऱ्याला, अरुणला, म्हणाली होती.

काम असं होतं. जमीन तपासून बाँब काढल्याचे जुने अहवाल कागदावर होते, वीसपंचवीस वर्षांपूर्वीचे, कुठे पाणी लागलेले, कुठे वाळवीने खाल्लेले. एका छोट्या संस्थेने ते स्कॅन करून घेतले होते. प्रत्येक कागदावर गावाचं नाव, तारीख आणि हाताने काढलेलं कच्चं चित्र असे, अक्षांश-रेखांश क्वचितच. शरयूसारख्या स्वयंसेवकांनी तो कागद आजच्या नकाशावर बसवायचा आणि साफ झालेला तुकडा हिरवा रंगवायचा. हिरवं म्हणजे खणा, पेरा, पोरांना खेळू द्या. संस्थेत म्हणायचे, शरयूचं हिरवं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीन वर्षांत तिने अर्धा प्रांत हिरवा केला होता.

तिथला माणूस म्हणजे खामला, संस्थेचा प्रांतातला समन्वयक, चाळिशीचा. मोडक्या इंग्रजीत लिहायचा आणि तिला त्यांच्या भाषेतल्या शब्दाने थोरली बहीण म्हणायचा. गावांच्या नावांचे उच्चार तपासून द्यायची बुनमी. ती त्याच प्रांतातली; नऊ वर्षांची असताना आईच्या पाठुंगळी मेकाँग नदी ओलांडून आली आणि पुढे तीन तासांवरच्या मॉर्गन्टनमध्ये मोज्यांच्या कारखान्यात उभी राहून म्हातारी झाली. दोघींचं फोनवर बरं जमायचं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी खामलाचा निरोप आला. बान नाफुंग या गावात शाळेची नवी इमारत होणार होती. बान म्हणजे गाव. सोमवारी सकाळी आठला जमीन सपाट करायचं यंत्र लागणार. त्याआधी उजाडता उजाडता म्हाताऱ्यांच्या हातून मनगटांना पांढरे दोरे बांधायचा विधी, आणि त्यासाठी बायका पहाटे पाचलाच जागेवर येऊन चुली मांडणार, सगळ्या गावाचा चिकट भात तिथेच वाफवणार. ठेकेदाराने नकाशात हिरवं पाहिलंय आणि पुन्हा तपासणी नको म्हणतोय. शेवटी खामलाने विचारलं होतं, थोरल्या बहिणीची खात्री आहे ना?

शरयूने अहवाल काढून पाहिला. नाव तेच. तारीख स्पष्ट. कच्च्या चित्रात ओढा गावाच्या पश्चिमेला दाखवला होता आणि उपग्रहाच्या चित्रात तो पूर्वेला होता, हे तिला तेव्हाही दिसलं. पण ओढे सरकतात, आणि घाईत चित्र काढणारा माणूस उत्तर दक्षिणही विसरतो. एका कोपऱ्यात रांजण काढला होता, तोही नव्या चित्रात सापडला नाही, झाडाखाली असेल. तिने लिहिलं, हिरवं आहे. शुक्रवारी खामलाने पुन्हा तेच विचारलं, थोरल्या बहिणीची पूर्ण खात्री आहे ना? शरयूला वाटलं, किती आदराने वागतो हा. तिने दुसऱ्यांदा लिहिलं, पूर्ण खात्री आहे.

रविवारी तिच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. अमेरिकेत संक्रांत वीकेंडला येते, ती कधी आली ते पंचांगाला न विचारता. तीन वाजल्यापासून बायका यायला लागल्या, साड्यांवर जाड कोट चढवून. पुरुष तळघरात मॅच बघायला गेले. शरयूने वाण म्हणून छोटी भिंगं आणली होती, त्यावरून तिची भरपूर चेष्टा झाली. तिळाच्या वड्या फिरल्या, बटाटेवडे संपत आले, आणि तिची जुनी मैत्रीण कांचन म्हणाली की आता नव्या मुलींना जांभूळशेतची गोष्ट ऐकव. जांभूळशेतच्या गोष्टीशिवाय शरयूचं हळदीकुंकू पुरं होत नसे.

जांभूळशेत म्हणजे शरयूचं माहेरगाव. घाटाखालच्या खोऱ्यातलं. ती सात वर्षांची असताना धरणात गेलं. सरकारने गावाला शंभर मैलांवर देशावरच्या काळ्या मातीत जागा दिली. लोकांनी देव नेले, जाती नेली, उंबरे नेले, आणि नावही नेलं. नव्या जागेलाही जांभूळशेतच म्हणायचे, जिथे जांभळाचं एक झाड नव्हतं. दुसऱ्या वर्षी शरयूच्या आत्याचं लग्न ठरलं. पत्रिकेवर छापलं, मुक्काम जांभूळशेत. नवरदेवाकडच्या म्हाताऱ्यांना रस्ता पाठ, ते धरणाआधी येऊन गेलेले. ट्रकभर वऱ्हाड वाजतगाजत निघालं आणि सूर्य मावळताना जलाशयाच्या काठावर येऊन थांबलं. समोर पाणीच पाणी. एक नावाडी होता, त्याला नवरदेवाच्या मामाने विचारलं, जांभूळशेत कुठे आलं? नावाड्याने बोट पाण्याकडे केलं.

"हे काय, खाली आहे," शरयू नावाड्याच्या आवाजात म्हणाली, आणि चाळीस वर्षं जशा बायका हसत आल्या तशा हसल्या. बाशिंग बांधलेला नवरदेव काठावर रात्रभर डास मारत बसला आणि मुहूर्त टळला, हे पुढचं सगळं ती नेहमी साभिनय सांगायची.

सावनी नावाची मुलगी जमिनीवर बसली होती, विद्यापीठात पीएचडी करणारी, हळदीकुंकवाला पहिल्यांदाच आलेली. ती हसता हसता म्हणाली, "पण काकू, टेक्निकली कोणाचीच मिस्टेक नव्हती ना? नाव तर करेक्ट होतं. फक्त गाव तिथे नव्हतं."

शरयूचं तोंड उघडं राहिलं. बायकांना वाटलं, गोष्टीतलाच हा एक नवा थांबा आहे, आणि त्या वाट बघत राहिल्या. शरयूला मात्र समोर कोणी दिसत नव्हतं. तिला तो ओढा दिसत होता, पश्चिमेचा पूर्वेला गेलेला. न सापडलेला रांजण दिसत होता. ओढा सरकला नव्हता. रांजण झाडाखाली नव्हता. गाव हललं होतं, आणि नाव घेऊन हललं होतं. अहवाल जुन्या जागेचा होता, कुठल्या तरी डोंगरावरच्या, आणि तिने तो रस्त्याकडेच्या नव्या जागेवर नेऊन चिकटवला होता. जिथे आजवर कुणी तपासायला गेलं नव्हतं, ती जमीन तिने हिरवी केली होती. आणि हे जगातल्या दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं तर एक वेळ चाललं असतं, पण जांभूळशेतच्या मुलीला सुचू नये?

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं. हिवाळ्यात तिथल्या आणि इथल्या घड्याळांचे काटे एकाच जागी असतात, नुसती दिवसाची रात्र होते. तिथे सोमवारची पहाट होती, चार वाजायला दहा मिनिटं.

ती उठली, आणि कांचनला एवढंच म्हणाली की घर सांभाळ. कांचनने तिचा चेहरा बघितला आणि काही न विचारता हळदीकुंकवाची कुयरी हातात घेतली. शरयू जिना चढून वरच्या खोलीत गेली. गुडघे दुखले की नाही तेही तिला कळलं नाही.

खामलाचा फोन बंद होता. तो डोंगरात राहायचा, रात्री तिथे रेंज नसे. तिने निरोप लिहिला, पुन्हा लिहिला, ठेकेदाराचा नंबर शोधला, तो तिच्याकडे कधीच नव्हता. संस्थेच्या संचालकाला फोन लावला. रविवार दुपार, मॅचचा दिवस, सरळ व्हॉइसमेल. तिने गावाचं नाव आणि वेळ दोनदा सांगून फोन ठेवला. खालून बायकांचा उखाणे घेण्याचा आवाज येत होता. कांचनने तिच्या परीने घर सांभाळलं होतं.

मग तिने बुनमीला फोन केला. बुनमी देवळातून परत येत होती, पोराच्या गाडीत होती. शरयूने विचारलं, बान नाफुंग हे गाव कधी हललं होतं का?

बुनमी म्हणाली, हो तर. डोंगरावर होतं, सरकारने खाली रस्त्याला आणलं, वीस वर्षं झाली असतील. तिचं स्वतःचं आजोळही तसंच खाली आलं. हे सगळ्यांना माहीत आहे.

"मला कुणी सांगितलं नाही," शरयू म्हणाली.

"तू उच्चार विचारलास," बुनमी म्हणाली. "मी उच्चार सांगितला."

शरयूने खामलाचं सांगितलं, की तो तर स्थानिक माणूस, त्याने का नाही अडवलं, उलट दोनदा खात्री विचारून गप्प बसला. त्यावर बुनमीने जे सांगितलं ते शरयूला जन्मभर पुरणार होतं. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला तू चुकलास असं तोंडावर म्हणत नाहीत. एकदा विचारलं तर तो प्रश्न असतो. तेच दुसऱ्यांदा विचारलं तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो.

प्रांतातल्या मोठ्या गावात बुनमीची मावसबहीण होती. तिचा दीर बान नाफुंगच्या जवळ राहायचा, पण त्याच्याकडे फोन आहे की नाही हे बुनमीला आठवत नव्हतं. ती म्हणाली, मी लावते, तू फोन मोकळा ठेव. तेव्हा साडेचार वाजले होते.

अरुण वर आला. तळघरात कुणीतरी सांगितलं असावं. त्याने दार लोटून घेतलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"मी त्यांना हिरवं म्हणून सांगितलंय, अरुण," ती म्हणाली. "दोनदा सांगितलंय. आणि पाच वाजता तिथे बायका चुली पेटवणार आहेत."

अरुण इंजिनिअर माणूस, उपाय सापडला नाही की त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. त्याने दूतावासाला फोन लावून पाहिला, मग तो ठेवला आणि तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला. समोर पडद्यावर बान नाफुंग उघडं होतं. पस्तीसचाळीस पत्र्याची छपरं, रस्त्याला लागून, पूर्वेला ओढा, आणि छपरांच्या मागे तिने रंगवलेला हिरवा चौकोन. शरयूने तो पुसला. पडद्यावरून तो गेला. तिथल्या माणसांच्या डोक्यातून जायला त्याला वेगळा रस्ता हवा होता.

पाच वाजले. खिडकीबाहेर ऊन उतरलं होतं आणि गाड्या निघायला लागल्या होत्या. बायका जिन्याखालून हाका मारून निरोप घेत होत्या, काकू येतो हं, मस्त झालं. शरयू वरूनच या पुन्हा म्हणाली. त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे दुसऱ्या बायका होत्या. त्या अंधारात घराबाहेर पडत असतील, डोक्यावर लाकडं, काखेत तांदळाच्या टोपल्या. पठारावर जानेवारीत गवतावर दहिवर गोठतं. आधी हात शेकायला जाळ करतील, मग चुलीचे दगड मांडतील, आणि पोरं जाळाला चिकटून बसतील. त्यांनी शाळेची जागा हिरवी आहे म्हणून ऐकलं असेल. कोणी रंगवली ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

सव्वापाच. साडेपाच. माती तापायला किती वेळ लागतो, हा विचार तिने एकदा केला आणि मग तो थांबेना. तिने देवाला हात जोडले नाहीत. तिला लाज वाटली. अभिमानाची लाज, त्या भिंगांची लाज, दरवर्षी हसत हसत सांगितलेल्या त्या वऱ्हाडाची लाज.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला. खामला होता. मागे वारा आणि मोटरसायकलचा आवाज.

त्याने सांगितलं ते तुटक होतं, पण तिला समजलं. तो विधीसाठी पहाटेच निघाला होता, वाटेत रेंज आल्यावर त्याला तिचे निरोप दिसले आणि तो तसाच गावात पोचला. बुनमीच्या मावसबहिणीने दिराला फोन करून उठवलं. दीर सायकलवर गावात गेला, त्याने मुखियाला उठवलं, आणि मुखियाने देवळातला ढोल बडवला. तो ढोल अवेळी वाजला तर घर सोडून पळायचं, हे म्हाताऱ्यांना विमानांच्या दिवसांपासून पाठ होतं. बायका पोरांना उचलून पळाल्या. सगळे रस्त्याच्या पलीकडे उभे आहेत. मोजून झालेत. कुणी राहिलेलं नाही.

शरयू हुंदके देऊन रडली. अरुणने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आणि चुली?" तिने विचारलं.

चार चुली पेटलेल्या होत्या, खामला म्हणाला. भाताच्या टोपल्या वर तशाच आहेत. विझवायला कुणाला जाऊ देणार नाही. जळून जातील. आम्ही इथून बघतोय.

तिने त्याची माफी मागितली. ती त्याला ऐकायची नव्हती, तो घाईने दुसरं बोलायला लागला, ठेकेदाराचं, तपासणीच्या पथकाचं. शरयूने त्याला मध्येच थांबवलं. तुला माहीत होतं, तर तिसऱ्यांदा का नाही विचारलंस, असं तिने विचारलं. तो म्हणाला, थोरल्या बहिणीला तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

खाली कांचन भांडी आवरत होती. पडद्यावर बान नाफुंग आता बिनरंगाचं होतं, आणि त्याच्या वर, खाली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, खोऱ्यांच्या तोंडाशी, तीन वर्षांत तिने रंगवलेली बाकीची गावं होती. हिरवी, टपोरी, जपून काढलेल्या कडांची. ती सगळी तिने नावावरून बसवली होती.

"खामला," ती म्हणाली, "अशी नाव घेऊन खाली आलेली गावं अजून किती आहेत?"

खामलाजवळ एक लहान मूल रडत होतं, थंडीने की भीतीने ते कळत नव्हतं.

"रस्त्यालगतची सगळी," तो म्हणाला. "आज थंडी फार आहे, ताई. आज सगळीकडे जाळ असतील."

शरयूने फोन अरुणच्या हातात दिला, बुनमीला पुन्हा लाव, एकेक गाव उठवायचंय म्हणाली, आणि रस्त्याच्या वरच्या टोकापासून पहिल्या गावाचं नाव मोठ्याने वाचलं.